पोदेराचा भोंगा आणि सांधेदुखीचा लॅब्रडॉर: व्यायामोपचाराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका गावात, चिऱ्याच्या जुन्या घरात वाढलेला नऊ वर्षांचा नर लॅब्रडॉर. नसबंदी झालेला, वजन ३८.५ किलो. इथे त्याला मोती म्हणू. घरात निवृत्त आजोबा, मुलगा, सून आणि बारा वर्षांचा नातू. मोतीचं खाणंपिणं आजोबांकडे आणि फिरवणं मुलाकडे, तेही रविवारी. बाकीचे सहा दिवस तो अंगण, पडवी आणि स्वयंपाकघराचा उंबरा एवढ्यातच असायचा. घराला पुढच्या बाजूने सोळा-सोळा सेंटिमीटरच्या पाच पायऱ्या आहेत, आणि दिवसातून दहा-बारा वेळा तो त्या चढायचा-उतरायचा. तीन वर्षांपूर्वी आतली जुनी जमीन काढून गुळगुळीत टाइल्स बसवल्या होत्या.

मार्चच्या सुरुवातीला तपासणीला आणण्याआधी वर्षभर तरी लक्षणं दिसत होती. बसताना तो एका कुल्ल्यावर कलून बसायचा, डावा मागचा पाय बाजूला टाकून. पायऱ्या चढताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलायचा. गाडीत उडी मारणं त्याने स्वतःहूनच सोडलं होतं. ‘म्हातारा झाला’ म्हणून घरच्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. पण कुत्र्याच्या सांधेदुखीत कण्हणं क्वचितच ऐकू येतं. आधी सवयी एकेक करून गळतात, म्हणून सुटलेली प्रत्येक सवय नोंदवावी लागते.

सर्वांत ठळक खूण सकाळची होती. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत आला की मोती उठून फाटकाशी जायचा, कारण रोज एक पोई (गोव्याचा गोल पाव) त्याच्या वाटणीची असायची. आता भोंगा वाजला की तो मान वर करायचा, पुढचे पाय टेकायचा, ते टाइलवर पुढे घसरायचे, तो पुन्हा छातीवर बसायचा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात मागचा भाग उचलला जायचा. मग पाच-सात मिनिटं चालणं लाकडासारखं.

अडचण काय होती

आणायच्या आठ दिवस आधी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने त्याला माणसांची डायक्लोफेनॅकची गोळी दोन दिवस दिली होती. तिसऱ्या दिवशी शी डांबरासारखी काळी झाली, म्हणजे जठरात किंवा आतड्यात रक्तस्राव झाला होता. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण घरच्या औषधाच्या डब्यातली तीच गोळी कुत्र्याला दिली जाते. या दोन गोळ्यांमुळे पुढचा सगळा क्रम बदलला.

तपासणीत तीन गोष्टी आधी वगळाव्या लागल्या. पहिली गोचीडताप. गोव्यात गोचीड बारमाही, आणि एर्लिकियासारख्या संसर्गात अनेक सांधे एकदम सुजून कुत्रा हुबेहूब संधिवातासारखा लंगडतो. अशा कुत्र्याला व्यायाम लावला तर हाल होतात. मोतीची चाचणी नकारात्मक आली, प्लेटलेट्सही व्यवस्थित होत्या. दुसरी गोष्ट मणक्याचा आजार. उभं असताना मागचा पंजा उलटा करून टेकवला तर मज्जासंस्था शाबूत असलेला कुत्रा तो लगेच सरळ करतो. मोतीने दोन्ही पाय तत्काळ सरळ केले. तिसरी गोष्ट गुडघ्यातलं क्रूशिएट बंधन, म्हणजे सांधा जागेवर धरणारा आतला दोर, तुटलेलं असणं. हाताने केलेल्या तपासणीत गुडघे घट्ट निघाले.

क्ष-किरणात दोन्ही खुब्यांची वाढीच्या वयातच उथळ राहिलेली रचना आणि त्यावर वर्षानुवर्षं झालेली झीज दिसली, डावीकडे अधिक. मात्र फोटोतली झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही, म्हणून फोटोवरून व्यायामाचं प्रमाण ठरवलं नाही. त्यासाठी ही मोजमापं घेतली:

मांडीचा घेर: डावीकडे ३५.५ सें.मी., उजवीकडे ३८ सें.मी.
खुबा मागे ताणला जाण्याचा कोन: डावा १२८ अंश, उजवा १४० (निरोगी लॅब्रडॉरमध्ये सुमारे १६२).
‘लोड’ ही मालकाने भरायची तेरा प्रश्नांची प्रश्नावली: ५२ पैकी २७, म्हणजे तीव्र गट.
भोंगा वाजल्यापासून चारही पाय टेकून पहिलं पाऊल पडेपर्यंतचा वेळ: सात दिवसांची सरासरी ४८ सेकंद.

शेवटचं माप कुठल्या पुस्तकात नाही, पण या घरात तेच सगळ्यात उपयोगी पडलं. रात्रभराच्या विश्रांतीनंतरची ताठरता हीच आदल्या दिवसाच्या श्रमाची खरी पावती असते. उत्साहात वेदना झाकली जाते हे खरं, पण भोंग्याचा उत्साह रोज सारखाच असल्याने एका दिवसाची दुसऱ्याशी तुलना करता येते. सून फोनवरच्या घड्याळात आकडा बघून कालनिर्णयाच्या चौकोनात लिहायची.

विचारात घेतलेले पर्याय

आजोबांचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, त्याला आता पूर्ण विश्रांतीच द्यायला हवी ना?” हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. पूर्ण विश्रांतीत सांध्याभोवतीचे स्नायू आणखी गळतात, आणि सैल खुब्याला जागेवर धरून ठेवणारे तेच तर असतात. शिवाय कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हाच आतल्या वंगणद्रवातून तिला पोषण मिळतं. तीव्र दुखण्याचे दोन-चार दिवस सोडले तर विश्रांती हे औषध नव्हे.

शस्त्रक्रियेचाही विचार झाला. मांडीच्या हाडाचं डोकं काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मोठ्या वजनाच्या कुत्र्यात तितकी समाधानकारक ठरत नाही, आणि तिच्यानंतरही महिनोन्‌महिने व्यायाम लागतोच. कृत्रिम खुबा बसवायला गोव्याबाहेर जावं लागलं असतं, ते कुटुंबाला झेपणारं नव्हतं. वजन आणि स्नायू सुधारून पाहायचे आणि सहा महिन्यांत फरक नसेल तर पुन्हा विचार करायचा, असं ठरलं.

पाण्याखालची ट्रेडमिल मिळाली असती तर आनंदाने वापरली असती, पण घरापासून रोज जाण्याजोग्या अंतरावर ती नव्हती. मुलाचं म्हणणं असं, “समुद्र पंधरा मिनिटांवर आहे, तिथेच पोहू दे त्याला.” ते लगेच मान्य न करण्याची कारणं होती. पाणी मागच्या पायाच्या घोट्याइतकं असताना कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाचे ९१ टक्के येतातच. गुडघ्याइतक्या पाण्यात ८५, आणि खुब्याइतक्या पाण्यात मात्र एकदम ३८. म्हणजे लाटांच्या कडेने घोटाभर पाण्यात चालवणं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच चालवणं, वर पाण्याचा अडथळा वेगळा. भार खरोखर हलका करायचा तर खुब्यापर्यंत पाण्यात न्यावं लागतं, आणि तिथे लाट आडवी मारते, पाय वाळूत फिरतो. खारं पाणी पोटात गेलं की जुलाब ठरलेले. शिवाय पोहताना खुबा चांगला दुमडला जातो, पण मागे पुरता ताणला जात नाही. मोतीचं नेमकं ताणणंच कमी झालेलं होतं.

राहिला घरचा व्यायाम. त्याला पैसा कमी लागतो, पण माणूस रोज लागतो. ती जबाबदारी सुनेने घेतली.

पहिला निर्णय: आधी वेदना, मग ताकद

दुखणाऱ्या सांध्यावर ताकदीचे व्यायाम लावले तर कुत्रा तो पाय उचलून बाकीच्या तीन पायांचा व्यायाम करतो. म्हणून वेदनाशामक आधी हवं. पण डायक्लोफेनॅकने पोट दुखावलेलं, लगेच दुसरं त्याच जातीचं औषध देणं धोक्याचं. दोन आठवडे पोटाचं औषध आणि वेदनेसाठी गॅबापेंटिन दिलं. नंतर यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक आल्यावर कारप्रोफेन हे कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक सुरू केलं.

ते दोन आठवडे फुकट गेले नाहीत. त्यात घर सुधारलं.

झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून मागच्या दारापर्यंत साठ सेंटिमीटर रुंदीची रबरी पाठीची चटई सलग अंथरली. सुट्या सतरंज्या आणि पायपुसणी काढून टाकली, कारण टाइलवर ती कुत्र्यासकट सरकतात. नखं कापली, तळव्यातले वाढलेले केस कातरले. केस वाढले की पंजाची गादी जमिनीला लागतच नाही. हे सगळं आणि गॅबापेंटिन मिळून पहिल्याच आठवड्यात भोंग्याचा आकडा ४८ वरून ३७ वर आला. तोवर व्यायाम सुरूसुद्धा झाला नव्हता.

पुढच्या पायऱ्यांवर उतार बांधायचं आधी ठरत होतं. ऐंशी सेंटिमीटर उंचीला झेपेल असा उतार करायचा तर तीन मीटरहून लांब फळी लागते, अंगण अडतं, आणि उतार आखूड केला तर कुत्रा घसरतो. मागच्या दाराला मात्र दोनच पायऱ्या होत्या, बत्तीस सेंटिमीटर. तिथे १३० सेंटिमीटरची जाड फळी टाकली, चौदा अंशांच्या आसपास उतार झाला, वर काथ्याची चटई ठोकली. पुढच्या पायऱ्यांना लहान फाटक लावलं. नवं काही बांधण्याआधी घराला दुसरं दार आहे का हे पाहणं बरं.

खाण्याचा हिशेब याच काळात झाला. मोतीचं योग्य वजन ३१ किलो धरलं. वजनाचा पाऊण घात काढून त्याला ७० ने गुणलं की विश्रांतीच्या अवस्थेतली ऊर्जेची गरज मिळते. ती आली ९२० कॅलरी, आणि वजन उतरवायला तेवढाच आहार ठेवला. घरच्या काट्यावर एक पोई ७० ग्रॅम भरली, म्हणजे साधारण १७५ कॅलरी. चौकशीत कळलं की सकाळी एक आजोबांकडून आणि संध्याकाळी चहाबरोबर एक नातवाकडून अशा दोन पोया रोज जात होत्या. दिवसाच्या वाट्याचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा तिथेच संपत होता. नुस्त्याची (माशांची) कढी-भात वेगळा.

आजोबांना पोई बंद करायला सांगितलं असतं तर ती लपून दिली गेली असती. पोईचा चतकोर ठेवला, बाकी २५० ग्रॅम मोजलेलं कमी कॅलरीचं तयार खाद्य आणि व्यायामाच्या वेळच्या खाऊसाठी पन्नासेक कॅलरी. अमेरिकेत ४८ लॅब्रडॉरांवर जन्मापासून मरेपर्यंत चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदारापेक्षा पंचवीस टक्के कमी खाल्लेल्या कुत्र्यांचं मध्यक आयुष्य ११.२ ऐवजी १३ वर्षं भरलं आणि सांध्यांची झीजही उशिरा आली. हा आकडा ऐकल्यावर आजोबांनी स्वतः काटा हातात घेतला.

व्यायामाचा आराखडा

तिसऱ्या आठवड्यापासून दिवसातून तीन वेळा सपाटीवर सहा-सहा मिनिटं चालणं. सकाळी सातच्या आत, दुपारी घराच्या सावलीत, संध्याकाळी डांबर निवल्यावर. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला नेऊ नये. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, आणि मुद्दाम हळू चाल. वेगात कुत्रा दुखरा पाय अलगद वगळून पुढे जातो. हळू चालताना प्रत्येक पाय टेकावाच लागतो. भटकी कुत्री अंगावर येणारा रस्ता सोडून देवळामागची पायवाट धरली, कारण एका झटापटीत आठवड्याची कमाई जाते.

वाढवायचं गणित सोपं ठेवलं. आठवड्याची सरासरी सुधारली किंवा टिकली तर प्रत्येक फेरीत एक मिनिट वाढवायचं. सकाळचा आकडा सलग दोन दिवस पाच सेकंदांहून अधिक चढला तर ती वाढ मागे घ्यायची. एकदम मोठी उडी पडली तर फेरी निम्मी.

बसून उठणं हा यातला कणा. पाच वेळा, दिवसातून दोनदा. मोती पूर्ण खाली बसताना डावा पाय बाहेर टाकायचा, म्हणून सुरुवातीला कुल्ल्यांखाली पंधरा सेंटिमीटर उंचीची घडी केलेली गादी ठेवली, आणि डावी बाजू भिंतीलगत, म्हणजे पाय बाहेर जायला जागाच नाही. खाऊ नाकासमोर धरून किंचित पुढे आणि वर न्यायचा. फार वर धरला की कुत्रा पुढचे पाय उचलतो, फार खाली धरला की पुढच्या पायांनी अंग ओढून उठतो आणि मागचे स्नायू कोरडेच राहतात. पहिल्या आठवड्यात चौथ्या वेळेला त्याचं बूड हलकेच उजवीकडे वळायचं. ते वळलं की थांबायचं, मग ती तिसरी वेळ असो की चौथी. पाचाचा आकडा पुरा करण्यासाठी वाकडी बैठक करून घेणं म्हणजे चुकीच्या स्नायूला शिकवणं.

भार सरकवणं: चटईवर उभं करून दोन्ही हात खुब्यांवर ठेवायचे, दोन-तीन सेंटिमीटर एका बाजूला हलकेच ढकलून पाच सेकंद धरायचं, मग दुसरीकडे. दहा वेळा. त्याने पाऊल उचललं तर जोर जास्त झाला.

पाचव्या आठवड्यात पुढचे पाय दहा सेंटिमीटरच्या पाटावर ठेवून पंधरा सेकंद उभं राहणं आलं. यात भार मागे जातो आणि खुबा आपोआप ताणला जातो.

काठ्या ओलांडणं त्यानंतर. पाऊण इंची पीव्हीसी पाइपाचे मीटरभर लांबीचे सहा तुकडे जमिनीवर, मोतीच्या खांद्याच्या उंचीइतक्या म्हणजे ५५ सेंटिमीटर अंतराने. सुरुवातीला उंची शून्य. पाऊल नीट मोजून पडायला लागल्यावर पाच सेंटिमीटर, आणि शेवटी दहा. तो उडी मारत असेल तर अंतर चुकलंय किंवा धरणारा घाई करतोय. पाइप सैलच ठेवायचे, पाय लागला तर ते घरंगळले पाहिजेत.

चालण्याआधी दहा मिनिटं कोमट शेक, आपल्या कोपराला सहन होईल इतकाच. मग कुशीवर झोपवून मांडी मागे नेऊन पंधरा-वीस सेकंद धरणं, चार वेळा. त्याने मान वळवून हाताकडे पाहिलं की तिथेच थांबायचं.

दुसरा निर्णय: किनाऱ्यावरचा रविवार

सहाव्या आठवड्याअखेर भोंग्याचा आकडा २६ झाला होता, वजन ३७.२. चालणं नऊ मिनिटांवर. एप्रिलच्या मध्यावरच्या रविवारी पाहुणे आले आणि सगळे मांद्र्याच्या किनाऱ्यावर गेले. मोती खूश होता. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पन्नासेक मिनिटं, त्यातली वीस चेंडूमागे. घरी आला तोपर्यंत तो लंगडतही नव्हता.

सोमवारी भोंगा वाजला आणि तो उठलाच नाही. पोटाखालून टॉवेल घालून उचलावं लागलं. डावा मागचा पाय जेमतेम टेकत होता.

नऊ मिनिटांवरून पन्नास. भुसभुशीत वाळूत मागचा पाय रुततो आणि तो उपटून काढायला खुब्यालाच जोर लावावा लागतो. चेंडूसाठी धावताना अचानक थांबणं आणि वळणं यात सांधा पिळवटतो. आणि खेळाच्या भरात वेदना जाणवत नाही, म्हणून कुत्रा स्वतः थांबत नाही. आठवडाभर बसून राहायचं आणि रविवारी सगळं उरकायचं ही मोतीची वर्षानुवर्षांची पद्धत होती. नऊ वर्षांत त्याचे खुबे त्या पद्धतीनेच जास्त थकवले असावेत.

इथे दोन मोह होते. एक, दुखतंय म्हणून गोळी वाढवणं. तसं करू दिलं नाही. दोन, हे वाळूमुळेच झालं असं धरून घरीच बसणं. पण झीज झालेल्या मोठ्या कुत्र्यात अचानक एक पाय उचलला जाणं म्हणजे गुडघ्याचं बंधन तुटल्याची शक्यता, ती पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच दिवशी गुडघा पुन्हा तपासला. घट्ट होता.

तीन दिवस फक्त शी-शूपुरतं बाहेर. पातळ टॉवेलात गुंडाळलेला बर्फाचा शेक दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. मालिश नाही, ताणणं नाही. चौथ्या दिवशी चालणं साडेचार मिनिटांवरून पुन्हा सुरू. नऊ मिनिटांपर्यंत परत पोचायला तीन आठवडे लागले.

तिसरा निर्णय: पावसाळा

जूनच्या पहिल्या आठवड्यात आकडा १७, वजन ३५.८, म्हणजे मूळ वजनाच्या सात टक्के घट. सहा ते आठ टक्के घट झाली की नुसत्या तेवढ्यानेही लंगडणं कमी होतं हे अभ्यासांतून दिसलेलं आहे, आणि इथेही चाल मोकळी झाली होती. मग पाऊस लागला. सलग नऊ दिवस चालणं बंद पडलं. महिनाअखेर वजन ३६.३, आकडा २९.

घरच्यांनी दोष दमट हवेला दिला. गारव्याचा थोडा हात असेलही, पण कालनिर्णयावरच्या नोंदी वेगळं सांगत होत्या. आकडा चढायला लागला तो फेऱ्या बंद झाल्यावर चौथ्या दिवसापासून, पहिल्या पावसापासून नव्हे.

त्याच सुमारास मागच्या दाराच्या फळीवर मोती दोनदा घसरला. काथ्याची चटई भिजून बुळबुळीत झाली होती, खालून बुरशी धरली होती. ती काढून खाचांची रबरी चटई ठोकली.

चालण्याऐवजी पडवीतला फेरा आखला. चार मीटर लांबीत सहा पाइप, टोकाला पाट, परतताना दोन पाट्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वळण, मग बसून उठणं. बारा मिनिटं, दिवसातून तीनदा. मोजणी नातवाकडे दिली. तोवर तो फक्त चेंडू टाकणारा होता. आता बूड वळलं की “काकी, थांब!” असं ओरडायचं काम त्याचं, आणि त्याची नजर मोठ्यांपेक्षा पक्की निघाली. ‘काकी’ म्हणजे मुलाची धाकटी भावजय. जुलैत सून माहेरी गेली असताना शेजारच्या घरातून येऊन तिने तीन आठवडे व्यायाम घेतले.

पाऊस उघडला की रस्त्यावर नेलं, पण शेताच्या बांधावरून नाही. साचलेल्या पाण्यात उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. लस वेळेवर झालेली असली तरी डबकी टाळली, घरी आल्यावर पंजे धुऊन कोरडे केले.

परिणाम

नोव्हेंबरअखेर वजन ३३.१ किलो. भोंग्याचा आकडा १२ सेकंद, सुरुवातीची ताठरता मिनिटभराची. ‘लोड’चे गुण २७ वरून १४. खुब्याचं ताणणं डावीकडे १४१ अंश, उजवीकडे १४८. मांडीचा घेर ३८.५ आणि ३९.५. चरबी उतरत असताना घेर वाढला, म्हणजे वाढ स्नायूचीच. मात्र मधली एक-दोन मापं दुसऱ्या हाताने घेतलेली होती आणि त्यांत दीड सेंटिमीटरची तफावत आढळली, म्हणून घेराच्या आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवलेली नाही.

चालणं सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं. ऑक्टोबरात कारप्रोफेनचं प्रमाण पशुवैद्याच्या देखरेखीखाली निम्मं करून तीन आठवडे पाहिलं. आकडा हलला नाही, म्हणून तेच चालू आहे, रक्ततपासणीसह. शस्त्रक्रियेचा विचार सध्या बाजूला.

किनाराही परत आला, वेगळ्या प्रकारे. आठवड्यातून एकदा, ओहोटीच्या वेळी, पाणी नुकतंच ओसरलेल्या घट्ट ओल्या वाळूवर दहा मिनिटं. तीही त्या दिवसाच्या वीस मिनिटांतून वजा करून. दोरी कायम हातात, कारण मांद्रे-मोरजीला नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात आणि मोकळं कुत्रं घरटी उकरतं.

वजन, गोळी, चटई आणि व्यायाम, चारही गोष्टी एकाच काळात बदलल्या. कुणाचं श्रेय किती हे एका कुत्र्यावरून वेगळं काढता येणार नाही. पहिल्या आठवड्यात व्यायाम सुरू नसतानाही आकडा उतरला, पण तेव्हा गॅबापेंटिन चालू होतं आणि नखंही कापली होती, म्हणून ते श्रेयही एकट्या चटईला देता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

किनाऱ्याबद्दल पहिल्याच भेटीत बोलणं झालं होतं, पण फक्त पोहण्याबद्दल. ‘वाळूत खेळवायचं नाही’ हे कुणी लिहून दिलं नव्हतं, आणि घरच्यांनी ते गृहीत धरण्याचं कारण नव्हतं. रविवारी काय करता, पाहुणे आले की कुत्रा कुठे असतो, चेंडू कोण टाकतं, हे प्रश्न औषधांच्या यादीइतकेच आधी विचारायला हवे होते. गोव्यातल्या घरात तर नक्कीच.

पडवीतला फेरा जूनअखेर नव्हे, मार्चमध्येच आखायला हवा होता. पाऊस येणार हे ठाऊक असताना नऊ दिवस वाया गेले, आणि ते भरून काढायला जुलै गेला. काथ्याचा निर्णयही कोरड्या महिन्यात घेतलेला, पुढच्या महिन्यांचा विचार न करता.

नातवाला सुरुवातीपासून काम द्यायला हवं होतं. घरातल्या ज्या माणसाचा कुत्र्यावर सगळ्यात जास्त जीव असतो, त्याच्याच हातून जादा खाऊ आणि जादा खेळ होतो. त्याला नुसतं ‘करू नकोस’ सांगून भागत नाही.

आणि चालण्याचा व्हिडिओ. मार्चमध्ये बाजूने आणि मागून अर्ध्या मिनिटाचं चित्रण केलं असतं तर आज डाव्या पायाची पडझड आणि सुधारणा डोळ्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहता आली असती. पहिला व्हिडिओ आहे तो सातव्या आठवड्यातला, किनाऱ्यानंतरचा.

पुढच्या जूनसाठी सहा पाइप पडवीच्या वाशाला दोरीने बांधून ठेवले आहेत. फळीवरची रबरी चटई एप्रिलअखेर काढून खालचं लाकूड वाळवायचं आहे. पोईचा चतकोर चालू आहे. पोदेर थांबतो तेव्हा आजोबा तो स्वतः तोडतात आणि मोती चार पायांवर सरळ उभा राहिल्यावरच देतात.